आठ महिने फक्त ‘सा’: सेकंडहँड कराओके माइकचा अनुभव

गेल्या महिन्यात जुना टीव्ही गेला आणि नव्याला कराओके माइकची पिवळी-पांढरी-लाल पिन खोचायला जागाच नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. नाहीतर या माइकबद्दलचं माझं मत ऑक्टोबरातच ठरलं होतं: दोन स्टार, तेही दुकानदाराने पिशवीचे पैसे घेतले नाहीत म्हणून.

माइक म्हणजे तोच, ज्याच्या दांड्यातच गाणी भरलेली असतात. टीव्हीला वायर जोडायची, गाण्याचा नंबर दाबायचा, पडद्यावर शब्द येतात. २००७ च्या आसपासचं मॉडेल. आम्ही तोक्योत निशिकासाईला राहतो, तिथल्या एका जुन्या मालाच्या दुकानात ‘जंक’च्या खोक्यात २,२०० येनला मिळाला. जंक म्हणजे चाललं तर तुमचं नशीब, परत आणायचं नाही. घरी आणून लावला, चालला. आवाज स्वच्छ, एको जरा जास्त, आपल्या गणपतीच्या मांडवातल्यासारखा. खूश झालो. मग पुस्तिका उघडली.

या माइकवर नावाने गाणं शोधायची सोय नाही. नंबर हवा तर पुस्तिकेतच बघायचा, तिथे गाणी नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे, जपानी वर्णक्रमाने लावलेली. आमच्या पुस्तिकेचा पाठीचा गोंद वाळून पानं सुटलेली. अ नाही, इ नाही, उ नाही, का-की-कु नाही. सुरुवात थेट ‘सा’पासून आणि ‘सा’ संपला की मागचा पुठ्ठा. गायकांच्या नावांची यादीही गायब. शिल्लक पानं नऊ.

आणि मला हवा होता ‘उ’. मला जपानीतलं एकच गाणं अख्खं पाठ आहे: ‘उए ओ मुइते आरुको’, साकामोतो क्यू यांचं, १९६१ चं. अमेरिकेत ते १९६३ साली पहिल्या नंबरावर गेलं, पण ‘सुकियाकी’ या नावाने. सुकियाकी हा मटणाबिटणाच्या रश्शासारखा गोमांसाचा प्रकार, गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. म्हणजे पुस्तिका पूर्ण असती तरी ते ‘सु’मध्ये नव्हतंच.

कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाई अतिशय नम्र. मॉडेल बंद झालंय, पुस्तिका शिल्लक नाही. म्हटलं, निदान ‘उ’च्या पानाचा फोटो पाठवा. तितक्याच नम्रपणे नाही. असल्या नम्रतेशी भांडता येत नाही हो. आपला आवाज चढत जातो, समोरचा आणखी वाकत जातो, शेवटी आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. वर नवीन मॉडेल घ्या म्हणून सुचवलं. त्या किमतीत मी असले पाच माइक घेईन, पुस्तिकेशिवाय.

मग काय, नऊ पानं तर नऊ पानं. आठ महिने आमच्या घरात ‘सा’ची गाणी चालू आहेत.

पहिले दोन महिने वैताग, कारण ‘सा’ म्हणजे साकुरा (चेरीची फुलं) आणि साकुरा म्हणजे ‘सा’. मोरियामा नाओतारोचं २००३ चं, कावागुची क्योगोचंही २००३ चं, केत्सुमेइशीचं २००५ चं, कोबुकुरोचंही २००५ चं, इकिमोनोगाकारीचं २००६ चं. सगळ्यांचं नाव साकुरा! कोणी कांजीत म्हणजे चिनीवरून आलेल्या चिन्हांत लिहिलंय, कोणी हिरागाना या जपानी अक्षरांत, कोणी रोमन लिपीत. लिहा कसंही, यादी लागते उच्चाराप्रमाणे, त्यामुळे सगळी एकाखाली एक. इथे शाळा मार्चमध्ये संपते, एप्रिलमध्ये नवी सुरू होते, आणि मधल्या दिवसांत तोक्योत ही फुलं येतात. निरोप म्हटला की साकुरा आलाच. आपल्याकडे ‘पाऊस’ नावाची गाणी एका पानावर आली तर हेच होईल. पण नंबर दाबताना चूक होते त्याचं काय? एका ओळीने घसरलं की दुसराच साकुरा सुरू होतो, आणि ते कळेपर्यंत मी पहिली ओळ गाऊन बसलेलो असतो.

तिसऱ्या महिन्यात माझं मत बदललं, ते मुलीमुळे. ती इथल्या शाळेत तिसरीला आहे. ‘झान्कोकु ना तेन्शी नो तेझे’ हे १९९५ चं कार्टूनचं गाणं तिला हवं होतं. मी म्हटलं, ‘झ’ची पानं नाहीत बाळा. ती म्हणाली, ‘‘बाबा, झा पण सामध्येच असतो, फक्त वर दोन टिंबं.’’ पाहिलं तर खरंच होतं! आणि तो झा आपल्या ‘जाड’मधल्या ज सारखा म्हणायचा, ‘जग’मधल्यासारखा नाही. हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही, ऑफिसातल्या दिल्लीच्या मित्राला मात्र लागतं.

त्या रात्री तिच्या वहीतला वर्णक्रम नीट पाहिला: अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. अहो, ही आपलीच वर्णमाला! बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीबरोबर संस्कृतचं वर्णशास्त्र इथे आणलं, त्यावरून हा क्रम लागला. फक्त ‘च’च्या जागी स आणि ‘प’च्या जागी ह. जुन्या जपानीत या स चा उच्चार च-त्सकडे झुकणारा आणि ह चा प असा होता, असं भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणजे आमच्या वाट्याला आलेली नऊ पानं खरी ‘च’ची. हे कळल्यावर मी अर्धा स्टार वाढवला. माइकचा यात काही हात नाही हे मान्य.

मग जानेवारीत साताऱ्याहून आई आली, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. आईने पंचवीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली आहे. टीव्हीवर ‘साकुरा साकुरा’ लावलं, हे जुनं पारंपरिक, वरच्या पाचांपैकी नव्हे. आईने कांदा चिरता चिरता मान वर केली. ‘‘गुणकली आहे रे ही.’’ मी पेटीच्या ॲपवर तपासलं: सा, कोमल रे, म, प, कोमल ध. स्वर बरोबर तेच. त्यानंतर स्वयंपाक बाजूला आणि रोज संध्याकाळी जपानी गाण्यांचा राग ओळखणं सुरू. इथे ‘योनानुकी’ म्हणून प्रकार आहे, म्हणजे चौथा आणि सातवा स्वर वगळलेला. पाश्चात्य मेजर सप्तकातला सरळ आपला भूप. मायनरमधला, म्हणजे बऱ्याचशा एन्कांमधला (जुन्या ढंगाची जपानी भावगीतं), आईच्या मते ‘शिवरंजनी, पण धैवत कोमल करून रडवलेला’. एन्काच्या गायकांची गळ्याची ती वळणं, इथे त्यांना कोबुशी म्हणतात, आई हरकती म्हणायची आणि जमवायचीही.

तिचं लाडकं ‘साझान्का नो यादो’, ओकावा एइसाकु यांचं, १९८२ चं. साझान्का हे थंडीत फुलणारं फूल. मूळ शब्द सानसाका, बोलता बोलता अक्षरांची अदलाबदल होऊन साझान्का झाला. आई म्हणाली, ‘‘म्हणजे नुकसानचं नुसकान.’’ यापेक्षा चांगलं मला समजावता आलं नसतं. तिला जपानीचं एक अक्षर येत नाही, आ-कार लावून गायची, आणि माइक तिला ९१ गुण द्यायचा. मी शब्द वाचून गातो, मला ६८. कारण यंत्र शब्द ऐकतच नाही, फक्त सूर बघतं. इथे मात्र यंत्राला पूर्ण गुण.

आता टीव्हीची भानगड. नव्या टीव्हीसाठी १,९८० येनचा कन्व्हर्टर घ्यावा लागला, म्हणजे जवळजवळ माइकच्याच किमतीचा. जोडल्यावर आवाज उशिरा येऊ लागला. तोंडातून शब्द निघतो आणि क्षणभराने टीव्हीतून ऐकू येतो, पलीकडच्या डोंगरावर कोणी चिडवतंय तसा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड लावला तेव्हा बराच कमी झाला. कन्व्हर्टर घेणार असाल तर आधी हे करून बघा, मी दोन दिवस माइकला शिव्या घालत बसलो होतो.

बॅटरीचं झाकण सैल आहे, रबरबँड लावलाय. बाकी तक्रार नाही.

मुलीने सध्या वेगळाच उद्योग काढलाय. अंदाजाने नंबर दाबते, गाण्याचं नाव पडद्यावर आलं की वहीत लिहिते आणि लगेच बंद करते. वहीत एकशे चाळीस गाणी झाली. ‘उ’ची सहा सापडली, माझं एक नाही. काल जुन्या वस्तूंच्या साइटवर याच मॉडेलची अख्खी पुस्तिका दिसली: १,५०० येन, पोस्टेज वेगळं. नऊ पानं माझ्याकडे असताना सगळीचे पैसे मी देणार नाही. कोणाकडे ही पुस्तिका असेल तर ‘उ’च्या पानाचा फोटो पाठवा, बदल्यात ‘सा’ची नऊच्या नऊ पाठवतो.

तीन स्टार. आईला विचाराल तर साडेचार.