काळ्या दगडाच्या पायऱ्या चुन्यात बसवल्या : दहा महिने आणि एका पावसाळ्यानंतर

जागा : वाईकडचा जुना वाडा. दारापुढे घडीव काळ्या दगडाच्या पाच पायऱ्या, प्रत्येकी साडेचार फूट लांब, पाऊल १४ इंच, उंची ७ इंच. खालच्या दोन खचून आत, म्हणजे जोत्याकडे कललेल्या. सांध्यांत आधीच्या कुणीतरी भरलेलं सिमेंट. काम डिसेंबरात झालं, हा अनुभव ऑक्टोबरातला.

दगडाला काहीही झालेलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. हा काळा दगड म्हणजे बसाल्ट, तो शंभर वर्षांत झिजून गुळगुळीत होतो, पण सहसा खचत नाही. खचतो तो खालचा भराव. सिमेंटचा सांधा कडक असतो. पायरी केसभर हलली की तो दगडापासून सुटतो, त्या फटीतून पाणी आत शिरतं आणि वरून बंद असल्यामुळे पटकन सुकत नाही. आतला मातीमिश्रित मुरूम हळूहळू वाहून जातो. त्यात पागोळीचं पाणी थेट दुसऱ्या पायरीवर पडत होतं. म्हणून पहिला खर्च दगडावर न करता पन्हाळीवर केला. पन्हाळ न लावता पायऱ्या बसवायच्या असतील तर हे काम काढूच नये.

पाचही पायऱ्या उचलण्याचा आग्रह गवंडी धरतात. गरज नसते. वरच्या तीन पहार लावूनही हलल्या नाहीत, त्यांचे फक्त सांधे मोकळे करून भरले. मात्र वरची पायरी खालचीवर दीडेक इंच टेकलेली असते, त्यामुळे खालच्या दोन काढण्याआधी तिसरीला लाकडी टेकू द्यावा लागला. एका पायरीचं वजन अडीचशे किलोच्या आसपास भरतं. चार माणसं, दोन पहारी आणि खाली सरकवायला पाइपचे तुकडे लागतात. दोघांत उचलायला गेलं की कोपरा उडालाच म्हणून समजा.

खालचा सैल भराव घट्ट जमीन लागेपर्यंत काढला. चार-चार इंचांच्या थरांत मुरूम, पाणी मारून धुम्मसाने ठोकून. त्यावर विटांचे तुकडे घातलेला चार इंच चुन्याचा कोबा आणि आठवडाभराने सव्वा-दीड इंच चुन्याच्या थरावर दगड. थराचं प्रमाण : भिजवलेला चुना १, सुरखी (विटांची भुकटी) १, वाळू १. सांध्यांना चुना १, सुरखी अर्धा, बारीक चाळलेली वाळू दीड. दोन पायऱ्यांखालचा थर आणि सगळे सांधे मिळून चार घमेली माल पुरला. सुरखी कमी भाजलेल्या विटांचीच हवी. जळकट, काळपट विटांचा भुगा नुसती वाळू ठरतो, चुन्याशी धरत नाही. कळीचा, म्हणजे न भिजवलेला चुना पाण्यात विरवताना उकळून उडतो, डोळ्यांना चष्मा नसेल तर जवळ जाऊ नये.

ढाळ बाहेरच्या बाजूला, १४ इंची पावलाला ४ ते ५ मिलिमीटर. पाणसळीने दोन्ही टोकांना बघितला. एवढासा ढाळ चालताना पायाला कळत नाही, पण पावसाळाभर पायरीवर पाणी थांबलेलं दिसलं नाही.

सांधे छिन्नीने निदान एक इंच खोल उकरावेत. ग्राइंडर लवकर काम करतो आणि दगडाच्या कडाही तितक्याच लवकर खातो. भरण्याआधी सांधा ओला करायचा, माल दाबून दोन वेळा भरायचा आणि दगडाच्या पातळीपेक्षा किंचित आत ठेवायचा. नंतर दहा दिवस ओलं गोणपाट. पहिल्या चार दिवसांत एका सांध्यावर दुपारचं ऊन आलं आणि गोणपाट सुकलं. तो सांधा बोटाने चोळला की भुगा येत होता, तेवढा पुन्हा भरला. एप्रिल-मेमध्ये हे काम म्हणूनच नको. नोव्हेंबर ते जानेवारी करावं, पावसाआधी चुन्याला हवा खायला काही महिने मिळतात.

गुळगुळीत पावलांना जात्याला लावतात तशी बारीक टाकी लावून घेतली. पावसात पाय धरतो. शेवाळ पायऱ्यांच्या कडेला धरलं, नायलॉनच्या ब्रशने आणि साध्या पाण्याने निघालं. अॅसिडने धुवू नका, ते आधी चुना खातं. चकाकीसाठी लावायचा पारदर्शक सीलरही टाळला, भिजला की तो ओल्या फरशीइतकाच निसरडा.

उणिवा दोन. जूनमध्ये सांध्यांवर पांढरी झाक आली. ब्रशने झाडल्यावर सप्टेंबरपर्यंत गेली. दुसरी, सर्वांत खालच्या पायरीच्या सांध्यातून वीतभर माल निघाला, कारण स्कूटर चढवायची लोखंडी फळी रोज तिथेच टेकते. फळीखाली आता रबराचा तुकडा आहे. तो सांधा भरायला नवा चुना आणावा लागणार नाही : सुरखी-वाळू न मिसळलेला उरलेला चुना झाकणाच्या बादलीत, वर चार बोटं पाणी ठेवून राखला आहे आणि तो अजून लोण्यासारखा मऊ आहे.