बटरहेडचा गड्डा की मेस्क्लँची पानं?

फ्रेंच पद्धतीचं हिरवं सॅलड घरच्या कुंडीतून थेट ताटात यावं असं ठरवलं, की बियाणं घेतानाच दोन वाटा फुटतात. एक म्हणजे बटरहेड लेट्यूस. याची पानं मऊ असतात, मधे सैलसर गड्डा धरतो आणि आतला गाभा पिवळसर, लोण्यासारखा असतो. दुसरी वाट मेस्क्लँची. प्रोव्हान्समधल्या भाषेत या शब्दाचा अर्थच ‘मिसळलेलं’ असा आहे. कोवळी लेट्यूस, रॉकेट (म्हणजे अरुगुला, तिखटसर पानाचं), कडसर चिकोरी, बडीशेपेसारख्या मंद वासाचं शेर्व्हिल अशी निरनिराळी पानं बोटभर उंचीची असतानाच कापायची आणि एकत्र खायची. दोन्ही लावून पाहिल्यावर माझा कल एका बाजूला झुकला आहे, पण दुसरीतही घेण्यासारखं बरंच आहे.

उगवण्याच्या बाबतीत दोन्हींतली लेट्यूस सारखीच नखरेल. बी जेमतेम 3 ते 5 मिलिमीटर मातीखाली हवं, कारण उजेड मिळाला तर ते चांगलं उगवतं. माती 28–30 अंशांच्या वर तापली की बी झोपून राहतं. मग लोक बियाणं खराब निघालं म्हणतात आणि वरून पाणी ओतत राहतात. अशा वेळी बी ओल्या कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावं आणि संध्याकाळी पेरावं.

बटरहेडला धीर लागतो. चार-पाच पानांचं रोप झालं की 20 ते 25 सेंटीमीटर अंतरावर, किंवा एका मध्यम कुंडीत एकच, असं लावायचं. लावताना पानांचा मधला कोंब मातीत गाडला जाऊ द्यायचा नाही. तिथे पाणी साचतं आणि आठवड्यात रोप बुडापासून सडतं. पेरणीपासून गड्डा तयार व्हायला साधारण दोन महिने. या काळात पाणी कधी कमी, कधी भसाभस असं झालं तर आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होतात. गाभ्यातल्या पानांपर्यंत कॅल्शियम वेळेवर पोहोचत नाही म्हणून हे होतं. मातीत चुना घालून ते सहसा सुटत नाही, पाणी नियमित दिल्यानेच सुटतं. शिवाय मावा ही बारीक कीड गाभ्यात शिरून बसते आणि गड्डा उघडेपर्यंत दिसत नाही.

एवढं सगळं चालवून घेता येतं. ज्यामुळे माझा निर्णय झाला ती अडचण वेगळीच आहे: गड्डे सगळे एकदम तयार होतात. सहा रोपं असतील तर सहाही एकाच आठवड्यात, आणि त्यानंतर ती थांबत नाहीत. ऊन वाढलं की गाभा वर टोकदार होऊ लागतो, आत देठ लांबतो, पानांत दुधाळ चीक वाढतो आणि चव कडू होते. पंधरा-पंधरा दिवसांनी पेरण्या केल्या तरी उबदार हवेत मागची पेरणी पुढचीला गाठते. दोन महिने वाट पाहायची, आठवडाभर रोज लेट्यूस खायचं आणि मग रिकाम्या कुंड्या बघायच्या. स्वयंपाकघराला रोज मूठभर पानं लागतात, त्या गरजेशी हे जुळत नाही.

मेस्क्लँ इथे बाजी मारतं. 12 ते 15 सेंटीमीटर खोलीची पेटी पुरते. 25 ते 30 दिवसांत पानं 8–10 सेंटीमीटर झाली की बुडाशी 2–3 सेंटीमीटर ठेवून कात्रीने कापायची. वाढीचा कोंब त्या बुडख्यात असतो, तो कापला गेला तर लेट्यूस पुन्हा फुटत नाही. 60 सेंटीमीटर लांबीच्या पेटीतून एका कापणीला चौघांपुरती पानं निघतात, असा माझा अंदाज. पुढची कापणी दहा-पंधरा दिवसांनी. तिसऱ्या कापणीनंतर पानं जाड आणि तिखट-कडू होतात, तेव्हा हाव न धरता पेटी मोकळी करावी. दर तीन आठवड्यांनी नवी पेटी पेरली की खंड पडत नाही.

मात्र तयार मिश्रणाचं पाकीट घेऊ नये, एवढं मी आग्रहाने सांगेन. रॉकेट चार-पाच दिवसांत उगवतं, शेर्व्हिलला दोन आठवडेही लागतात. एकत्र फेकून पेरलं तर रॉकेट बाकीच्यांवर सावली धरतं आणि दुसऱ्या कापणीला पेटीत जवळपास तेच उरतं. त्यापेक्षा बियाणं वेगवेगळं घ्यावं, 8–10 सेंटीमीटरवर ओळी पाडाव्यात, शेर्व्हिल दहा दिवस आधी पेरावं आणि मिसळण्याचं काम परातीत करावं. रॉकेट किती आणि लेट्यूस किती, हेही मग आपल्या हातात राहतं.

ताटातला फरक ड्रेसिंगमुळे कळतो. चौघांसाठी एक मोठा चमचा रेड वाइन व्हिनेगर, चिमूटभर मीठ, अर्धा छोटा चमचा दिजों मोहरी (मोहरीची फ्रेंच पेस्ट) आणि तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल. मीठ आधी व्हिनेगरमध्ये विरघळवायचं, कारण तेलात ते विरघळत नाही. तेल धारेने घालत फेटायचं. पानं गार पाण्यात तरंगत ठेवून वरच्यावर उचलून घ्यायची, म्हणजे रेती तळाशी राहते, आणि मग पूर्ण कोरडी करायची. ओल्या पानावर ड्रेसिंग टिकत नाही, भांड्याच्या तळाशी जमतं. सॅलड हलवण्याला फ्रेंचमध्ये ‘फातिगे’, म्हणजे दमवणं, असं क्रियापद आहे. बटरहेड हे दमवणं सोसतं. मेस्क्लँची पानं मात्र तेल लागताच काही मिनिटांत मान टाकतात, म्हणून ती जेवायला बसल्यावरच हलवायची. शेळीच्या दुधाच्या गरम चीजखाली दोन्ही चालतात, पण रॉकेटचा तिखटपणा त्या चीजला जास्त शोभतो, असं मला वाटतं.

एका जागी मात्र बटरहेडला पर्याय नाही, आणि ती म्हणजे ‘पती प्वा आ ला फ्रांसेझ’. कोवळे मटार, छोटे कांदे, लोणी आणि चिरलेला लेट्यूस झाकण ठेवून मंद आचेवर शिजवायचे. वेगळं पाणी फारसं लागत नाही, लेट्यूसचंच सुटतं. यासाठी मेस्क्लँ घातलं तर पानांचा नुसता लगदा होतो. त्यामुळे मटार आवडणाऱ्यांनी पेट्यांच्या शेजारी दोन कुंड्या बटरहेडच्या ठेवाव्यात. दोनच ठेवाव्यात, म्हणजे गड्डे एकदम तयार झाले तरी एका पातेल्यात मावतात.