हातात मावणारा आरजीबी (रंग बदलता येणारा) लाइट, घरात खेळण्यातल्या घोड्याचे फोटो काढायला (५ पैकी ४ स्टार)

दोन महिने वापरून मगच लिहितेय. माझ्याकडे ब्रेयर या अमेरिकन कंपनीचा ट्रॅडिशनल साइजचा मॉडेल घोडा आहे, १:९ स्केलचा (खऱ्याच्या नवव्या हिश्श्याएवढा), साधारण ९ इंच उंच, ताईने न्यूजर्सीहून येताना साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलाय, आणि पुण्यात पाऊस असा लागला की बाहेर नेऊन फोटो काढणं जमेचना म्हणून हा लाइट ऑनलाइन मागवला.

पहिल्या दिवशी अगदी जवळ धरला तर घोडा सरळसरळ खेळणंच वाटला. मग टीपॉयवर चाळलेली वाळू पसरली, ट्यूब बंद केली, लाइट चार-पाच फूट मागे नेऊन घोड्याच्या पोटाच्या लेव्हलला ठेवला, कलर टेंपरेचर २८०० केल्विन (म्हणजे पिवळसर उजेड), आणि काय सांगू, पायांच्या लांबच लांब कडक सावल्या पडल्या, थेट संध्याकाळचं ऊन! सूर्य लांब असतो ना, म्हणून लाइटपण लांब हवा. जवळ आणून बटर पेपर लावला की तोच लाइट खिडकीतल्या उजेडासारखा मऊ पडतो. मागे निळा रंग देऊन अगरबत्तीचा धूर सोडला की पहाटेचं धुकं तयार.

सगळ्यात जीव लावते ती डोळ्यातली चमक. लाइट सूतभर इकडेतिकडे सरकवत राहायचं, एका जागी डोळ्यात पांढरा ठिपका उमटतो आणि घोडा एकदम बघायला लागतो तुमच्याकडे. मी त्या एका ठिपक्यासाठी अर्धा-अर्धा तास बसते. कॅमेरा घोड्याच्या डोळ्याइतका खाली, ट्रायपॉडवर, एफ ११ (लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे घोडा पुढून मागपर्यंत स्पष्ट येतो), आयएसओ १०० (म्हणजे फोटोत दाणे येत नाहीत). आणि आधी मऊ ब्रशने धूळ झटका, तिरप्या उजेडात कणन्‌कण दिसतो.

एक स्टार कापला कारण ब्राइटनेस २० टक्क्यांच्या खाली नेला की फोटोत आडवे पट्टे येतात, विक्रेत्याला दोनदा मेसेज केला, उत्तर नाही. मी आता ब्राइटनेस ४० वरच ठेवते आणि कमी उजेड हवा असेल तर बटर पेपरची अजून एक घडी घालते, पट्टे येत नाहीत. चकचकीत ग्लॉसी फिनिशचा घोडा असेल तर बटर पेपर हवाच, नाहीतर अंगावर एलईडीचे ठिपके दिसतात.

मागचं मॅग्नेट दणकट आहे, स्टीलच्या डब्याला चिकटवला तरी हलत नाही. चार्जिंगची केबल मात्र वीतभरच, लांब वेगळी घ्या.