ओल कुणाला दाखवायची? रंगारी, वॉटरप्रूफिंगवाला, बुरशी काढणारी कंपनी की इंजिनियर

गेल्या जुलैत आईचा फोन आला. "कपाटातल्या पैठणीवर पांढरं काहीतरी आलंय, आणि मागच्या भिंतीला हात लावला की बोटाला काळं लागतंय." आईबाबांचं घर ठाण्यात, नौपाड्यात. १९७८ची चार मजली इमारत, लिफ्ट नाही, हे तिसऱ्यावर. त्या कोपऱ्यात ओल पूर्वीपासूनच. दर दोन वर्षांनी रंग काढायचा आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत विसरायचं, असं चाललं होतं. या वेळी बाबांचा दमाही उचल खाऊ लागला, तेव्हा "नीट कुणालातरी दाखवू" असं ठरलं.

हे "कुणालातरी" म्हणजे चार वेगवेगळे लोक असतात, हे आम्हाला तिथून पुढे कळत गेलं. चौघेही घरी आले, चौघांनी तीच भिंत पाहिली आणि चार रोग सांगितले. जुन्या घरात राहणाऱ्या ज्यांना आता हाच निर्णय घ्यायचाय, त्यांच्यासाठी हा हिशेब मांडतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. बुरशीचे बीजाणू हवेत बाराही महिने असतात, ते कुणी घालवू शकत नाही. भिंत, लाकूड, कापड एक-दोन दिवस ओलं राहिलं की बुरशी धरायला सुरुवात होते. म्हणजे खरा शोध पाण्याचा आहे. चौघांपैकी पाणी कोण शोधतं आणि नुसती बुरशी कोण पुसतं, एवढंच बघायचं.

रंगारी

सगळ्यात स्वस्त, आणि बोलावलं की दुसऱ्या दिवशी हजर. पोपडे खरवडणार, पुट्टी भरणार, बुरशी न धरणारा म्हणून एक प्रायमर लावणार, वर दोन हात. दिवाळीपर्यंत भिंत झकास. पण आत पाणी चालू असेल तर पुट्टी फुगते आणि पुढच्या श्रावणात पापुद्रे पुन्हा हातात येतात. रंगाऱ्याचा यात दोष नाही, त्याला रंगाचं काम दिलंय आणि त्याने रंगच दिलाय.

रंगाऱ्यावर भागतं अशी एक जागा मात्र आहे. ओल बाहेरून झिरपत नसून घरातल्या दमट हवेचं पाणी थंड भिंतीवर धरतंय, तिथे. भिंतीला चिकटवलेलं प्लायवूडचं कपाट, किंवा शेजाऱ्याचा एसी रात्रभर चालतो ती सामायिक भिंत. हे ओळखायची घरगुती युक्ती अशी. साधारण हातभर चौकोनी जाड प्लॅस्टिक भिंतीला चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवायचं आणि दोन दिवस हलवायचं नाही. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतून. दुसऱ्या प्रकारात कपाट चार बोटं पुढे ओढा, वारा खेळू द्या, डाग स्वच्छ करून रंग काढा. बाकी कुणाला बोलावू नका.

डाग लहान असेल, म्हणजे तीन फूट बाय तीन फुटांच्या आत, तर तो घरीच काढता येतो. अमेरिकेतली पर्यावरण संस्था ईपीएसुद्धा मर्यादा साधारण हीच धरते. एन-९५ मास्क, हातमोजे, खिडकी उघडी, आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं. कोरडा ब्रश मारलात तर बीजाणू घरभर उधळतील. ब्लीचने लादीवरची बुरशी जाते. गिलाव्यावर मात्र वरचा डाग पांढरा होतो आणि आतलं आतच राहतं. आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड ब्लीचमध्ये चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. दमेकऱ्याच्या घरात तर नकोच.

वॉटरप्रूफिंगवाला

हा पाण्याबद्दल बोलतो, ही जमेची बाजू. पण प्रत्येकाला त्याच्या हातात असलेलाच उपाय दिसतो. गच्चीवर कोबा घालणाऱ्याला गच्ची दिसते, इंजेक्शन ग्राउटिंग करणाऱ्याला, म्हणजे भेगांत दाबाने मसाला भरणाऱ्याला, भेगा. आमच्याकडे आला त्याने खालूनच मान वर करून सांगितलं, "काकू, बाहेरच्या भिंतीला कोटिंग मारू, पाच वर्षांची गॅरंटी." दोरांनी टांगलेल्या झुल्यावरून बाहेरची भिंत जवळून बघायची त्याला गरज वाटली नाही, वरच्या मजल्यावरही तो गेला नाही.

गॅरंटी हा शब्द ऐकून हुरळून जाऊ नका. ती किती चौरस फुटांची, कुठल्या जागेची, पुन्हा ओल आली तर तोडफोडीचा आणि लादीचा खर्च कुणाचा, हे लेटरहेडवर लिहून घ्या. गच्चीचं किंवा बाथरूमचं काम असेल तर आधी आणि नंतर पाणी तुंबवून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवायची चाचणी करून मागा. चांगला माणूस स्वतःहून करतो. "त्याची गरज नाय साहेब" म्हणणारा पहिल्या जिन्यावरूनच परत पाठवावा.

पाणी नेमकं कुठून येतंय हे ठरलेलं असेल, तर माणूस हाच. ठरलेलं नसेल तर आधी पाणी शोधणारा, मग हा.

बुरशी काढणारी कंपनी

मुंबई-पुण्यात आता अशा कंपन्या आल्यात. गणवेश, मॉइश्चर मीटर, थर्मल कॅमेरा, हवेचे नमुने. आमच्याकडे दोन मुलं आली, वागायला अगदी नम्र. त्यातला एक कपाटामागे टॉर्च मारून म्हणाला, "सर, ही ब्लॅक फंगस आहे." आईचा चेहरा पांढरा पडला. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हा शब्द ज्याने ऐकलाय त्याचा पडणारच.

तर हे नीट समजून घ्या. तेव्हाचा आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. मधुमेह, स्टिरॉइड अशा कारणांनी प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांना होणारा, आणि ते काळं म्हणजे मेलेली ऊती. भिंतीवरची काळी बुरशी बहुतेक वेळा वेगळ्याच जातींची असते. तिने दमा आणि अ‍ॅलर्जी वाढते, नाक गळतं, खोकला येतो. कमी त्रास आहे असं नाही. पण रंगावरून जात ठरत नाही, आणि जात कळली तरी करायचं तेच असतं. परदेशात 'टॉक्सिक ब्लॅक मोल्ड' म्हणून जिचा बोलबाला आहे त्या स्टॅकिबॉट्रिस या बुरशीचा अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या बाळांच्या फुप्फुसातल्या रक्तस्रावाशी नव्वदीच्या दशकात जोडलेला संबंधही तिथल्याच सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००० साली सिद्ध होत नाही म्हणून मागे घेतला.

आता त्यांची यंत्रं. थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही. पृष्ठभागाचं तापमान दिसतं, आणि ओली जागा थंड म्हणून निळी. ती निळाई ओलीची की बाहेरच्या सावलीची, हे माणसालाच ठरवावं लागतं. दोन टाचण्यांचं मॉइश्चर मीटर भिंतीत वीज किती अडते ते मोजतं आणि जुन्या भिंतीला लोणा, म्हणजे आतून येणारा पांढरा क्षार, आला असेल तर मिठामुळे आकडा फुगवून सांगतं. आमच्या भिंतीवर मीटर टोकाला गेलं होतं. पांढरा लोणा खरवडून शेजारी टोचल्यावर खाली आलं. हे मीच करून पाहिलं, कंपनीने नाही.

हवेचे नमुने हा सगळ्यात महाग आणि माझ्या मते सगळ्यात निरुपयोगी भाग. घरातल्या हवेत किती बीजाणू चालतील याची सर्वमान्य मर्यादा ईपीएनेही ठरवलेली नाही. डाग डोळ्यांना दिसत असताना बशीत बुरशी वाढवून तिचा फोटो रिपोर्टला लावायचा, यात मिळतं काय? आमचा रिपोर्ट बावीस पानांचा. रंगीत. त्यात वरच्या घरातल्या बाथरूमचा उल्लेख एकदाही नव्हता. उपाय म्हणून फॉगिंग (खोलीत औषधाचं धुकं मारणं) आणि जंतुनाशक कोटिंग, वर अठरा टक्के जीएसटी.

फॉगिंगने बुरशी मरते, भिंतीवरून जात नाही. मेलेल्या बुरशीचीही अ‍ॅलर्जी होते. खरं काम वेगळं दिसतं. खोली प्लॅस्टिकने बंद करणं, आतली हवा बाहेर ओढून खोलीत दाब कमी ठेवणं, अगदी बारीक कण पकडणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम, सडलेलं प्लाय आणि जिप्समचं छत पिशवीत बांधून बाहेर काढणं, आणि शेवटी सुकवणं. हे करून देणारी कंपनी असेल तर तिला पैसे द्यावेत अशी घरंही आहेत. पुराचं पाणी शिरलेलं घर (२०२१च्या जुलैत चिपळूणकरांनी जे बघितलं ते), फॉल्स सीलिंगच्या आत पसरलेली बुरशी, किंवा घरात केमोथेरपी चालू असलेला, अवयव प्रत्यारोपण झालेला पेशंट. तिथे फडकं घेऊन स्वतः चढू नका.

टेक्सास आणि फ्लोरिडात कायदाच आहे की बुरशी तपासणाऱ्याने त्याच घरात ती काढायचं काम घ्यायचं नाही. आपल्याकडे तशी आडकाठी नाही. तपासणी फुकट आणि कोटेशन लाखाचं, असं दिसलं की हे आठवा.

इंजिनियर

शेवटी आले ते एक निवृत्त सिव्हिल इंजिनियर. पिशवीत छोटी हातोडी, टॉर्च आणि वही. फी कंपनीच्या कोटेशनच्या पासंगालाही न पुरणारी. भिंतीकडे बघायच्या आधीच त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, ही ओल मे महिन्यात असते का?"

आई म्हणाली, थोडी असते.

"मग नुसता पाऊस नाही."

पावसाळ्यातच येणारी ओल गच्चीची किंवा बाहेरच्या भिंतीची, बाराही महिन्यांची पाइपाची किंवा बाथरूमची. हा साधा प्रश्न आधीच्या तिघांपैकी एकानेही विचारला नव्हता. मग ते छताला हातोडीने हलकेच ठोकत गेले. मधे टणक आवाज, कोपऱ्यात बद्द. तिथला गिलावा सुटलाय, आतली सळी गंजून फुगतेय, म्हणाले. वरच्यांकडे जाऊन नहाणी ट्रॅपपाशी, म्हणजे बाथरूमचं पाणी जातं त्या जाळीपाशी, रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग पाण्यात कालवून ओतला आणि बाथरूमचं तोंड बंद करून पाणी तुंबवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या छताच्या कोपऱ्यात, कपाटाच्या बरोबर वर, तळहाताएवढा फिकट गुलाबी डाग.

दुसरं कारणही त्यांनीच दाखवलं. बाहेरच्या भिंतीत, तुळई आणि विटांच्या जोडावर आडवी चीर. एका कोपऱ्यात दोन पाणी. जुन्या इमारतीत हे नेहमीचं, आणि एकच काम करून "गॅरंटी" फसते ती यामुळेच.

इंजिनियरची अडचण अशी की तो काही दुरुस्त करत नाही. कागद देतो. पण त्या कागदावर पुढचं सगळं चालतं, विशेषतः पैसे कुणी द्यायचे ते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती, बाहेरून येणारं पावसाचं पाणी आणि सामायिक पाइप हा संस्थेचा खर्च, तर संडास-बाथरूममधून खाली झिरपणारं पाणी त्या सभासदाचं. म्हणजे आमच्या एकाच कोपऱ्याची दोन बिलं झाली. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं, हेही त्याच उपविधींत आहे. तुमच्या सोसायटीने शेवटचं कधी केलं ते विचारा. छताचा तुकडा पडलाय किंवा सळी उघडी दिसतेय, तर बाकी तिघांचा विचारच नको, थेट इंजिनियर.

चुन्यातल्या वाड्याला किंवा कोकणातल्या जांभ्याच्या घराला हे गणित तसंच्या तसं लागू नाही. त्या भिंती ओल पितात आणि सोडतात. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट चढवला की सोडायची वाट बंद होते आणि ओल आणखी वर चढते. तिथे चुन्याचं काम येणारा गवंडी शोधा. तो सापडणं इंजिनियरपेक्षा अवघड आहे, हे मान्य.

वेळेचंही सांगून टाकतो. तपासणी भर पावसात करा, दुरुस्ती दिवाळीनंतर. जानेवारीत भिंत सुकलेली असते, तेव्हा पाणी कुठून येतंय ते कुणालाच दिसत नाही. आणि ऑगस्टमध्ये ओल्या भिंतीवर केलेलं काम टिकत नाही. मधल्या काळासाठी आम्ही चार-पाचशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं घड्याळ आणि एक डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, आणला. आर्द्रतेचा आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा असतो. ठाण्यात जुलैत खिडकी उघडी ठेवून ते होत नाही. त्या एका खोलीपुरतं, दारं-खिडक्या लावून, होतं. बाबा रोज सकाळी आकडा कॅलेंडरवर लिहीत होते.

आमचं काम या क्रमाने झालं. आधी इंजिनियर, मग डिसेंबरात वरच्यांच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग त्यांच्या खर्चाने (एकदा गुलाबी डाग पाहिल्यावर वरच्या काकूंनी वाद घातला नाही), मग छताच्या सळ्या साफ करून गिलावा, दीड महिना सुकणं, आणि मार्चमध्ये रंगारी. तोच जुना. कंपनीला काम दिलं नाही. तिच्या बावीस पानांतले फोटो मात्र सोसायटीच्या सभेत फार कामाला आले.

बाहेरच्या भिंतीची चीर अजून तशीच आहे. कमिटीने तीन कोटेशनं मागवलीत.