एकाच डिशवर दोन एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा), की सरळ दोन डिश?

डीडी फ्री डिश येते ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ या सॅटेलाइटवरून आणि आमचं रिचार्जवालं कनेक्शन ८३ अंशावरच्या दुसऱ्या सॅटेलाइटवरून, म्हणजे साडेदहा अंशांचा फरक. ६० सेंटिमीटरच्या डिशवर दुसरा एलएनबी पहिल्यापासून साधारण सातेक सेंटिमीटरवर बसतो, पण गंमत अशी की सगळं आरशासारखं उलटं असतं, ८३ वाला सॅटेलाइट ९३.५ च्या पश्चिमेला म्हणून त्याचा एलएनबी पूर्वेकडे, आणि पुण्यातून तो सॅटेलाइट जास्त वर दिसतो म्हणून एलएनबी खाली. मी अर्धा दिवस उलट्या बाजूला शोधत बसलो होतो, बायको खालून ओरडतेय "नाही आलं अजून"! बरं, कडेच्या एलएनबीला सिग्नल कमीच मिळतो, जोराचा पाऊस आला की आधी त्याचेच चॅनल जातात. ९० सेंटिमीटरची डिश घेतली तर निभतं.

दोन डिशचं तसं नाही, दोन्हींचे एलएनबी सेंटरला, एक हलली तरी दुसरी चालू. फक्त गच्चीत जागा हवी आणि सोसायटीवाल्यांची कटकट सोसायची तयारी. स्वतःची गच्ची असेल तर मी डोळे झाकून दोन डिशच लावीन.