मराठी बायबलचा बोलका डबा: ११८९ आकडे आणि एक स्पीकर

तळहातावर मावणारा काळा डबा. पुढं जाळी, वर मोबाईलसारखे आकडे, मधे लाल अक्षरांचा चार आकडी डिस्प्ले. आतल्या कार्डावर अख्खं मराठी पवित्र शास्त्र, एका अध्यायाला एक फाइल. ख्रिस्ती मेळाव्यांच्या पुस्तकांच्या स्टॉलवर हजाराच्या आत मिळतो. डब्यावर कंपनीचं नाव नसतं. याच सांगाड्यात कुणी हनुमान चालिसा भरून विकतो, कुणी जुनी गाणी. माझं जालन्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी मंडळीतला, म्हणजे चर्चमधलाही आहे. म्हणून हा डबा मला दोन्हीकडून भेटतो. बिघडला की दुकानात येतो, धड असला की घरभक्तीत.

आधी लोखंडाचं बोलू. बॅटरी बीएल-५सी, म्हणजे जुन्या नोकियाची. खेड्यातही मिळते, नखानं काढता-घालता येते. लोडशेडिंगच्या गावात हा मोठा गुण आहे. चार्जिंगचा पिन मात्र जुना मायक्रो-यूएसबी, आणि त्याचं सोल्डरिंग कच्चं. वायर हलली की चार्ज थांबतो. घेतल्या घेतल्या कुणाकडून तरी तो टाका पक्का करून घ्या. स्पीकर पत्र्यासारखा वाजतो. गाण्याला निरुपयोगी, माणसाच्या आवाजाला चांगला. एक खोड आहे: बटणानं बंद केला तर जिथं थांबला तिथून पुढं लागतो, पण बॅटरी बसून बंद पडला तर पुन्हा फाइल १ पासून सुरू. त्यामुळं आमच्याकडच्या कितीतरी घरांत उत्पत्तीचा पहिला अध्याय तोंडपाठ आहे, दुसरा कुणाला येत नाही.

आता आकडे. डब्याला पुस्तकांची नावं कळत नाहीत, तो फक्त फाइल मोजतो. ६६ पुस्तकांचे ११८९ अध्याय सलग लावलेत. स्तोत्रसंहिता ४७९ ला सुरू होते, म्हणून स्तोत्र २३ हवं असेल तर ५०१ दाबायचं. नवा करार ९३० पासून. योहानाचा दहावा अध्याय, जिथं मेंढरं मेंढपाळाची वाणी ओळखतात, तो १००७. (कॅथलिक शास्त्रात ७३ पुस्तकं, तिथं हे आकडे चालणार नाहीत.) सोबत यादीचा कागद येतो, तो लॅमिनेट करून घ्या. कार्ड खराब झालं म्हणून कुणाच्या पीसीवरून भरून आणलं की गोंधळ होतो. हे स्वस्त डबे फाइलचं नाव बघत नाहीत, कार्डावर आधी कोणती उतरली तेवढं बघतात. एका डब्यात प्रकटीकरणानंतर रूथ लागायची. फाइल क्रमानं एकेक उतरवली की प्रश्न मिटतो. मी मूळ कार्डाची प्रत काढून ठेवतो, तुम्हीही ठेवा.

वाचणारा आवाज शांत आहे, घाई नाही. दुसरी एक ‘नाट्यमय’ आवृत्ती पण मिळते, तिच्यात मागे संगीत आणि आवाजांची करामत. ती घेऊ नका. ३१० लावून बघा, १ राजे १९. संदेष्टा एलीया डोंगरावर उभा आहे. सुसाट वारा सुटतो, त्यात परमेश्वर नाही. भूकंप होतो, त्यात नाही. अग्नी येतो, त्यात नाही. मग शांत, मंद वाणी. या आवृत्तीत वारा, भूकंप, आग सगळं दणक्यात वाजतं, आणि मंद वाणीच्या जागी कीबोर्ड चढवलाय. सगळा अध्याय उलटा करून ठेवलाय राव.

हा डबा खरा कुणासाठी, तर माझ्या मावशीसारख्यांसाठी. मावशी गेवराईकडची. शाळा पाहिली नाही. उमेद होती तोवर दसरा झाला की मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन काकांबरोबर एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी, म्हणून साखर कारखान्याला जायची. आता गुडघे गेलेत, घरीच असते. आमच्या भागात देवाचं वचन आधी कानानंच आलं. मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं त्या काळात अक्षर येणारी माणसं मोजकी, एकानं वाचायचं नि बाकीच्यांनी ऐकायचं. प्रकटीकरणाच्या सुरुवातीलाही वाचून दाखवणारा आणि ऐकणारे, असेच धन्य म्हटलेत. त्या अर्थानं हा डबा नवा नाही.

मावशीला मी ५०१ शिकवला. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. सकाळी ५०१, संध्याकाळी ५०१, पाव्हणे आले की ५०१. डब्यावर तीच फाइल परत-परत लावायचं बटण आहे, आणि मला वाटतं या वस्तूचा सगळ्यात मोठा दोष तोच. आपल्याला गोड लागतं ते आपण निवडतो आणि म्हणतो, देव बोलला. मंडळीत हे रोज बघतो. प्लॉट घ्यायचा ठरलेला असतो, मग साक्ष येते की प्रभूनं सांगितलं. यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात (७६८) मनचं बोलून देवाचं नाव लावणाऱ्या संदेष्ट्यांची परमेश्वर जी खरडपट्टी काढतो, ती घरभक्तीत कुणी लावत नाही. प्रत्येक आत्म्याची परीक्षा करा, हे १ योहान ४ (११६३) सुद्धा नाही.

शमुवेलाचं तसंच. २३९ नंबर. लहान शमुवेलाला रात्री हाक येते, तो तीनदा म्हाताऱ्या याजकाकडं, एलीकडं पळतो. शेवटी एली ओळखतो आणि शिकवतो: म्हण, परमेश्वरा बोल, तुझा दास ऐकत आहे. रविवारच्या शाळेत इथं थांबतात, मुलांकडून रंगीत चित्र काढून घेतात. डबा थांबत नाही. पुढं परमेश्वर जे बोलतो ते एलीच्याच घराण्याविरुद्ध आहे. ज्यानं ऐकायला शिकवलं त्याच्यावरच निवाडा. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहतो, सांगायला घाबरतो. एली म्हणतो, लपवू नकोस. आणि ऐकून घेतल्यावर म्हणतो, तो परमेश्वर आहे, त्याला बरं दिसेल ते करो. ऐकणं शिकायचं तर मला त्या पोरापेक्षा हा म्हातारा जास्त उपयोगी वाटतो.

म्हणून मी मावशीच्या डब्यावरचं ते परत-परतचं बटण आतून काढून टाकलं. तिला विचारून. आता फाइल संपली की पुढची लागते, आवडो न आवडो.

दिवाळीत तिच्याकडं सगळे जमलो होतो. दाजीही होते. त्यांची कापसाची शेती मोठी, वेचणीला बाया लागतात, किलोवर मजुरी. डबा याकोबाच्या पत्रावर होता, कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. मग ११५१ लागली. पाचवा अध्याय. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि कापणाऱ्यांच्या आरोळ्या प्रभूच्या कानी गेल्या आहेत, असा त्यात मजकूर आहे.

मावशी लसूण सोलत होती. हात थांबला.

“हे आमचं लिव्हलंय व्हय रे त्यात?”

म्हटलं, हो मावशी, शेतावरच्या मजुरांचंच आहे.

“लाव बरं पुन्यांदा.”

परत लावायचं बटण मीच काढलेलं. आकडा दाबून लावली. तिनं दुसऱ्यांदा पूर्ण ऐकली आणि मुकादमानं कोणत्या वर्षी किती बुडवलं ते काढायला लागली. काकांनी कधी न सांगितलेल्या गोष्टी निघाल्या. दाजी म्हणाले, सणासुदीचं ५०१ लावा की. मावशी म्हणाली, “ते पाठ हाय मला. हे नव्हतं म्हाईत.”

तर घ्यावा का? घरात स्मार्टफोन चालवणारं माणूस असेल तर नका घेऊ. मराठी शास्त्र ऐकवणारी अ‍ॅपं फुकट आहेत, फक्त त्यातला वेग वाढवायचा पर्याय वापरू नका. दीडपट वेगानं स्तोत्र ऐकून काय गाठायचंय? ज्यांना अक्षर येत नाही किंवा डोळे गेलेत त्यांच्यासाठी जरूर घ्या. साधी आवृत्ती घ्या, पिनचा टाका पक्का करा, आवाज अर्ध्यावर ठेवा. रोज एकच फाइल, कालच्या पुढची, आणि ती संपली की डबा बंद करून थोडं बसून राहायचं. बटण काढायचं असेल तर दुकानात आणा, पैसे घेत नाही.

दाजींनी निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, कार्डातून एखादी फाइल काढता येते का. म्हटलं, येते. पण ११५१ काढली तर पेत्र, योहान, यहूदा नि प्रकटीकरण सगळे एकेक आकडा मागं सरकतील, मग यादीचा कागद बाद.