मंचावरच्या उजेडात कोणती बॉडी, कोणती लेन्स टिकते

लाइव्ह संगीताचे फोटो काढायला कॅमेरा घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) कुठवर चालतो? प्रश्न जुना झाला. गेल्या आठ-दहा वर्षांतल्या २४ मेगापिक्सेलच्या कुठल्याही बऱ्या फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) बॉडीवर ६४०० ला काढलेला रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला) फोटो निर्धास्त छापता येतो. नॉइज (फोटोतले दाणे) काढणारं नवं सॉफ्टवेअर हाताशी असेल, तर १२८०० लाही घाबरायचं कारण नाही. कार्यक्रमानंतर फोटो चाळायला बसलं की कचऱ्यात जातात ते वेगळ्याच कारणांनी: फोकस गायिकेच्या डोळ्याऐवजी माइकच्या जाळीवर, एलईडी दिव्यांचे आडवे पट्टे, लाल उजेडात सपाट झालेला चेहरा, आणि हललेला हात. म्हणून इथे लेन्स आणि बॉडी जोखल्या आहेत त्या या चार दुखण्यांवर.

आधी उजेडाचा हिशेब. मोठ्या मंचावर चेहऱ्यावर पांढरा स्पॉट असेल तर एफ २.८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तर उजेड जास्त), शटर १/३२० सेकंद आणि आयएसओ १६०० ते ३२०० एवढ्यात भागतं. छोट्या क्लबात, डोक्यावर दोन-चार रंगीत दिवेच असतील तिथे, एफ १.८, १/२०० आणि ६४०० धरून चाला. शटरचं म्हणाल तर स्टुलावर बसून गाणाऱ्याला १/१२५ पुरतं, मंचभर फिरणाऱ्याला १/२५० लागतं, उडी मारणाऱ्याला आणि ड्रमरला १/५००. ड्रमच्या काठीचं टोक थोडं पुसट आलं तर बिघडत नाही, उलट त्यात जीव वाटतो. बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनचे पाच-सात स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतात, पण ते फक्त तुमचा हात सावरतं. समोरचा गिटारवाला १/३० ला हलायचा तो हलतोच. पियानोवर शांत बसलेला वादक असेल तर उपयोग आहे, एरवी त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

खर्चाची सुरुवात लेन्सपासून करा. बॉडीबरोबर येणारी ३.५-५.६ ची किट झूम लांबच्या टोकाला एफ ५.६ वर जाते. एफ २.८ च्या तुलनेत हे दोन स्टॉप कमी, म्हणजे ६४०० च्या जागी २५६००. तिथे कितीही महाग बॉडी लावली तरी ती भरपाई करू शकत नाही. उलट साध्या बॉडीवर एफ १.८ ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) लावली की २.८ पेक्षा सव्वा स्टॉपहून जास्त उजेड मिळतो, आणि ६४०० चं काम २५०० वर होतं.

पहिली लेन्स एकच घ्यायची असेल तर ८५ मिमी एफ १.८. फुल फ्रेमवर ४ मीटरवरून तिच्या चौकटीत साधारण १.७ मीटर रुंद आणि १.१ मीटर उंच एवढं मावतं, म्हणजे गायक, गिटार आणि माइकचा स्टँड. त्याच अंतरावर एफ १.८ ला सुमारे २३ सेंटिमीटर खोलीपर्यंत फोकस राहतो, हे पुरेसं. पण २ मीटरवर आलात की तो फक्त ६ सेंटिमीटर उरतो: मान वळवली की जवळचा डोळा धारदार, लांबचा मऊ. म्हणून जवळून एफ २ किंवा २.२ वर या. एफ १.२ च्या लेन्सबद्दल आमचं मत थोडं रुक्ष आहे. मंचाजवळ त्या १.२ वर फार क्वचित वापरता येतात, आणि २ वर आणून वापरायच्या तर वजन आणि पैसा कशासाठी?

८५ मध्येही सगळ्या सारख्या नाहीत. सोनीची एफई ८५ एफ १.८ फक्त ३७१ ग्रॅमची, फोकस चपळ. निकॉनची झेड ८५ एफ १.८ एस ४७० ग्रॅम, आणि समोरून दिवा आला तरी कॉन्ट्रास्ट चांगला राखते. कॅननच्या आरएफ ८५ एफ २ मध्ये मॅक्रोची (अगदी जवळून काढायची) सोय आहे आणि तीच मंचावर नडते: फोकस चुकला की लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येते, तोवर क्षण गेलेला असतो. ती वापरायचीच तर बाजूचा स्विच ०.५ मीटर ते अनंत यावर ठेवा. कॅननवाल्यांना त्यापेक्षा १९९२ ची ईएफ ८५ एफ १.८ यूएसएम अडॅप्टरवर लावणं जास्त फायद्याचं. पूर्ण उघडी असताना तेजस्वी दिव्याच्या कडेला जांभळी किनार येते हा तिचा दोष, पण रॉमध्ये ती बरीचशी काढता येते. ५० मिमीत सोनीची एफई ५० एफ १.८ हलकी आणि स्वस्त, पण फोकस हळू. ५५ एफ १.८ तिच्याहून कितीतरी सरस.

झूमची गरज लागते ती वेळेमुळे. बऱ्याच मोठ्या कार्यक्रमांत फोटोग्राफरना पहिली तीन गाणीच मिळतात, आणि फ्लॅश बंद. दहा-पंधरा मिनिटांत लेन्स बदलायला अंधारात बॅगेत चाचपडत बसणं परवडत नाही. मंचाच्या पायथ्याशी उभं राहायला मिळत असेल तर २४-७० एफ २.८ हीच कामाची. २४ आणि २८ मधला फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण २ मीटरवर २४ ला ३ मीटर रुंदी मिळते, २८ ला जेमतेम २.६, मंचाला अगदी खेटून उभे असाल तर तेवढ्यात एक वादक कापला जातो. एवढी तडजोड चालत असेल तर टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ जी२ ५४० ग्रॅममध्ये उत्तम.

लांबून काढायचं तर ७०-२०० एफ २.८ ला पर्याय नाही. १० मीटरवर २०० मिमीला १.८ मीटर रुंदीची चौकट मिळते. सोनीची जीएम २ आवृत्ती १०४५ ग्रॅम, कॅननची आरएफ १०७० ग्रॅम (झूम केल्यावर नळी पुढे येणारी, पण बंद असताना आखूड), निकॉनची झेड ट्रायपॉडची कॉलर काढून १३६० ग्रॅम. एफ ४ ची हलकी आवृत्ती मोह पाडते. उघड्यावरच्या दिवसाढवळ्याच्या कार्यक्रमाला ती ठीक, रात्री तो एक स्टॉप महागात पडतो.

एकच बॉडी, एकच लेन्स असं बंधन असेल तर टॅमरॉनची ३५-१५० एफ २-२.८ बघा. वजन १.२ किलोच्या आसपास, म्हणजे मनगटाला दुसऱ्या दिवशी आठवण राहते. एफ २ फक्त रुंद टोकाला मिळतो, झूम करत गेलं की लवकरच २.८ होतो, लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन नाही. तरीही तीन गाण्यांच्या मुदतीत दोन झूमचं काम करणारी दुसरी लेन्स सहज सापडत नाही.

क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवाल्यांनी निराश होऊ नये, हिशेब मात्र पक्का ठेवावा. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ क्रॉपच्या साधारण २.३५ पट असतं, म्हणजे सव्वा स्टॉपचा फरक. क्रॉपवर एफ १.८ लावला की नॉइज आणि फोकसची खोली फुल फ्रेमवरच्या २.८ इतकी होते. म्हणूनच २०१३ ची सिग्मा १८-३५ एफ १.८ आजही जुन्या क्रॉप डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) लोक जपून वापरतात. त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरला फरक दोन स्टॉपचा, तिथे एफ १.४ च्या प्राइमशिवाय क्लबात पाय ठेवू नये.

आता बॉडी. माहितीपत्रकात ऑटोफोकस उणे किती ईव्हीपर्यंत (उजेडाचं माप, एक ईव्ही म्हणजे एक स्टॉप) चालतो हा आकडा ठळक असतो. कॅनन आर६ मार्क २ उणे ६.५, निकॉन झेड६ ३ उणे १०, सोनी ए७ ४ उणे ४. यावरून सोनी मागे पडली असं समजाल तर फसाल. पहिल्या दोघांचा आकडा एफ १.२ ची लेन्स धरून दिलेला आहे, सोनीचा एफ २ धरून. आणि मुळात या आकड्यांचा मंचाशी संबंध किती? एफ २.८, १/२५०, आयएसओ ६४०० हे एक्स्पोजर आयएसओ १०० च्या भाषेत जवळपास अधिक ५ ईव्ही होतं. अंधाऱ्या क्लबात अधिक ३. पौर्णिमेचं चांदणं उणे २-३ ईव्हीच्या घरात असतं. मंच चांदण्यापेक्षा कितीतरी उजळ आहे. इथे फोकस चुकतो तो अंधारामुळे कमी, आणि मागून डोळ्यात येणारा दिवा, धुराच्या यंत्राचा पडदा आणि एकरंगी उजेड यांनी कॉन्ट्रास्ट मारल्यामुळे जास्त. त्यामुळे बॉडी पारखताना अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीवर फोकस करून काही कळत नाही. एखाद्याला पाठीमागे उघडा दिवा ठेवून उभं करा, तोंडासमोर मूठ धरायला सांगा, मान डावी-उजवीकडे हलवायला सांगा, आणि सलग तीस फोटो काढा. डोळा किती वेळा धारदार आला ते मोजा. हा आकडा माहितीपत्रकात कुठेच सापडणार नाही.

आणखी एक बारकावा. बहुतेक मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या सेन्सरांवरचे फोकस साधणारे फेज डिटेक्शनचे बिंदू उभ्या रेषा चांगल्या ओळखतात, आडव्या नाही. कीबोर्डची कड किंवा आडवी धरलेली गिटारची मान यावर फोकस घुटमळला तर कॅमेरा थोडा तिरका करा, लगेच बसतो. माइकचा त्रास टाळायला समोरून न काढता तीस-पंचेचाळीस अंशांच्या कोनात उभं राहा आणि फोकसचं क्षेत्र लहान ठेवा. फोकस असिस्टचा दिवा मात्र पहिल्यांदा बंद करा. कलाकाराच्या डोळ्यात नारिंगी किंवा हिरवा ठिपका मारणाऱ्याला परत कोणी बोलवत नाही.

सायलेंट (बिनआवाजाचं, इलेक्ट्रॉनिक) शटर हा सगळ्यात मोठा सापळा. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं. नेहमीच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरना त्याला १/२० सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि एलईडी दिवे तेवढ्यात शेकडो वेळा विझून पेटू शकतात. प्रत्येक ओळीला वेगळा उजेड मिळतो आणि फोटोभर पट्टे पडतात. रॉमधून ते निघत नाहीत. उपाय स्वस्त आहे: यांत्रिक शटर, १/२५० किंवा त्याहून हळू. तरीही पट्टे दिसले तर १/१२५ वर या. निकॉन झेड८, झेड९ मध्ये यांत्रिक शटरच नाही, पण त्यांचा स्टॅक्ड सेन्सर इतका वेगाने वाचला जातो की फरक यांत्रिक शटरइतकाच राहतो. शिवाय शटर १/२५० च्या आसपास बारीक पायऱ्यांनी सरकवून दिव्याच्या लयीशी जुळवता येतं. सोनी ए९ ३ हा २०२३ चा ग्लोबल शटरवाला कॅमेरा पूर्ण चौकट एकदम टिपतो, त्यामुळे पट्टे पडत नाहीत. बेस आयएसओ २५० आहे, पण मंचावर तेवढ्या खाली जातंय कोण. दिव्याची लुकलुक टाळणारा नेहमीचा अँटी-फ्लिकर पर्याय १०० आणि १२० हर्ट्झच्या दिव्यांसाठी असतो, एलईडीवर त्याचा भरवसा धरू नका. शांत मैफलीत सायलेंट लागणारच असेल तर खरेदीआधी एलईडी पडद्यासमोर १/१००० ला तपासून घ्या.

लाल आणि निळ्या दिव्यांचं दुखणं कुठल्याच बॉडीने पुरतं सोडवलेलं नाही, कारण ते सेन्सरच्या रचनेतच आहे. नेहमीच्या सेन्सरवरच्या बायर मांडणीत एक चतुर्थांश पिक्सेल लाल, एक चतुर्थांश निळे, बाकी हिरवे. निव्वळ लाल उजेडात बाकीचे तीन चतुर्थांश जवळपास उपाशी राहतात: तपशील कमी, नॉइज जास्त, आणि लाल चॅनेल मात्र केव्हाच फुटलेला, म्हणजे जळून सपाट झालेला. साध्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) हे दिसतही नाही. म्हणून तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम दाखवणारी बॉडी घ्या, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनला बांधून ठेवा आणि लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला टेकला की दोन-तीन तृतीयांश स्टॉप खाली या. निकॉनमध्ये २०१४ च्या डी८१० पासून हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) वाचवणारं मीटरिंग (उजेड मोजण्याची पद्धत) आहे. काळ्या पार्श्वभूमीसमोर उजळलेल्या चेहऱ्याला त्याइतकं सोयीचं काही नाही. ज्या बॉडीत ते नाही तिथे मॅन्युअल किंवा स्पॉट. ऑटो आयएसओ पूर्ण चौकटीच्या मीटरिंगवर ठेवला तर काळा पडदा बघून कॅमेरा चेहरा जाळतो.

एक्स्पोजर कमी ठेवून काढायला भिऊ नका. सोनी ए७ ३ चा सेन्सर ६४० ला आणि निकॉन झेड६ चा ८०० ला दुसऱ्या, कमी नॉइजच्या गेनवर (संकेत वाढवण्याच्या पातळीवर) जातो. त्यापुढे ३२०० ला कमी एक्स्पोजर देऊन रॉमध्ये एक स्टॉप उचलणं आणि थेट ६४०० ला काढणं यात नॉइजचा फरक नगण्य, स्पॉटखालचा चेहरा जळण्यापासून वाचतो तो मात्र फायदा.

जुनं घ्यायचं तर निकॉन डी७५० (२०१४) अजून मंचावर तग धरतो. फोकसचे ५१ बिंदू मधोमध दाटलेले, ही त्याची मर्यादा. कॅनन ६डी (२०१२) चा मधला बिंदू उणे ३ ईव्हीपर्यंत भक्कम, बाजूचे दहा कच्चे, म्हणजे फोकस करून चौकट सरकवायची सवय हवी. ८५ एफ १.८ वर जवळून तेवढ्या सरकण्यातही डोळा सुटतो. डीएसएलआरचा एक फायदा कोणी बोलत नाही: लेझरचा किरण लेन्समधून थेट आला तर सेन्सरचे पिक्सेल कायमचे जळू शकतात, आणि डीएसएलआरचा सेन्सर फोटो काढेपर्यंत आरशामागे झाकलेला असतो, मिररलेसचा मात्र फोटो काढत नसतानाही उघडा असतो. लेझर शो सुरू झाला की लेन्स खाली, झाकण वर.

दोन कार्डांची सोय असू द्या. मागचा पडदा आणि फोटोनंतरचा आपोआप प्रीव्ह्यू बंद ठेवा, मागच्या रांगेतल्यांच्या डोळ्यात तो उजेड जातो. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर घरी काढून ठेवा: समोरच्या स्पॉटचं प्रतिबिंब त्याच्या सपाट काचेवरून उलटून चौकटीत हिरवट भूत म्हणून येतं, आणि ते नेमकं काळ्या भागात पडतं. संरक्षणाला हूड पुरतो. कानात घालायचे बोळे बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, कारण मंचासमोरची जागा म्हणजे स्पीकरच्या तोंडाशी उभं राहणं.